लाईनवर राहा

१

जव्हारच्या एस.टी. स्टँडसमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाईन फॉर्म, पासपोर्ट फोटो. सकाळी साडेनऊला शटर वर करायचं, केर काढायचा, मशीन तापायला लावायचं आणि मग दिवसभर लोकांवर ओरडायचं. ओरडते मी, कबूल आहे. आधार कार्डाची घड्या घालून घालून चिंधी करून आणतात. मोबाईल नंबर विचारला की फोनच माझ्यापुढे धरतात, 'यात बघ' म्हणतात. जन्मतारीख विचारली तर कोणत्या पिकाच्या वेळी जन्म झाला ते सांगतात. ओरडायचं नाही तर काय करायचं?

गेल्या नोव्हेंबरपासून मी आणखी एक उद्योग मागे लावून घेतलाय. दुकानात जो येईल त्याला विचारते, कार्डाचा फोन आला होता का? बँकेतून बोलतोय, तुमचं क्रेडिट कार्ड मंजूर झालंय, फुकट आहे, फक्त मेसेजमध्ये आलेला नंबर सांगा, असा? आला तर कापायचा. 'नको साहेब' वगैरे म्हणत बसायचं नाही, सरळ कापायचा. बँकेला तुमचा एवढा पुळका असता तर पासबुक भरायला तुम्हाला तीन चकरा मारायला लागल्या नसत्या. लोक माना डोलावतात. बाहेर गेल्यावर म्हणतात, बहीण गेल्यापासून हिचं डोकं फिरलंय. म्हणोत.

मार्चमधला मंगळवार होता. अकराचा सुमार. एका मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अर्धा भरून झाला होता आणि दुकानाचा फोन वाजला. माझा नंबर बाहेर पाटीवर लिहिलेलाच आहे, कुणीही लावतं.

"जयश्री मॅडम का?"

"बोला."

"मॅडम, एक रिक्वेस्ट होती." माणसाचा आवाज बसलेला होता, सर्दी झाल्यावर बसतो तसा. "तुमच्या बहिणीला फोन ठेवायला सांगा ना."

मला वाटलं, चुकून लागलाय. "कुणाच्या बहिणीला?"

"राहीताईंना. मी संदीप बोलतोय मॅडम. कार्ड डिपार्टमेंटचा."

हे नाव मला ठाऊक होतं. राही शेवटच्या दिवसांत हेच नाव घ्यायची, असं आयेने, आमच्या आईने, सांगितलं होतं. संदीप सर. पुढे मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती मुलगी आणि तिची आई दोघी बाकावरून उठून उभ्या राहिल्या एवढं सांगते. माझा दम संपला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, शिव्या द्या. पण त्यांना सांगा. मी मरेन."

फोन कापला गेला. मी लगेच उलट लावला, तर लागला नाही. मुलीचा फॉर्म भरून दिला. त्यात तिच्या नावाच्या जागी मी राही लिहिलं होतं, ते तिच्या आईने दाखवलं.

२

राही माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर आयेबरोबर राहायची. लग्न मोडल्यावर माहेरी आली ती तिथलीच झाली. नागली, थोडा भात, चार शेळ्या. मी शिकले ती तिच्या जिवावर. चौथीनंतर तिची शाळा सुटली म्हणून माझी सुरू राहिली. घरातून दोघींना पाठवणं बाबाला जमणारं नव्हतं आणि दोघींपैकी मी जास्त रडले होते.

पाड्यावरच्या नऊ बायांचा बचत गट होता. त्यांना नागली दळायची गिरणी घ्यायची होती, म्हणजे दळणासाठी डोक्यावर ओझं घेऊन दोन तास चालायला नको. पैसे राहीच्या खात्यावर ठेवले होते, कारण तिचा मोबाईल खात्याला जोडलेला होता. त्याच मोबाईलवर तो फोन आला. त्याने तिला राहीताई म्हटलं. कार्ड मंजूर झालंय म्हणाला, गिरणीसाठी वर पैसेही मिळतील म्हणाला. आजवर कुठल्या साहेबाने तिला ताई म्हटलं नव्हतं. मेसेजमधला नंबर तिने वाचून दाखवला. संध्याकाळपर्यंत खातं रिकामं.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज फक्त चिडलेली असते. पण दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. चूक झाली ताई, पैसे मध्येच अडकलेत, परत देतो, फक्त लाईनवर राहा. फोन कापला तर केस रद्द होईल. कुणाला बोललात तरी रद्द होईल.

आमच्या पाड्यावर रेंज नाही. घरापासून अर्ध्या तासावर, कड्याच्या टोकाला एक सपाट काळा खडक आहे, त्यावर उभं राहिलं की लागते. ते पहिले दोन्ही फोनही तिला तिथेच आले होते. एक पाऊल इकडेतिकडे झालं की आवाज गेला. बसलं तरी गेला. राही रोज अकराला तिथे जाऊन उभी राहायची. तिकडून गाणं वाजत राहायचं, मधूनच तो म्हणायचा, लाईनवर राहा ताई, आणि ही म्हणायची, हो सर. सूर्य बुडेपर्यंत. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी गुराख्यांना ती कड्याखाली सापडली. फोन मुठीत होता. उपाशी उभी होती, भोवळ आली असेल, असं सगळे म्हणाले.

शहरातली माणसं विचारतात, अकरा दिवस कुणी उभं राहतं का? त्यांना आमची माणसं माहीत नाहीत. दाखल्यासाठी थांबतात, इंजेक्शनसाठी थांबतात. साहेब जेवायला गेलेत म्हटलं की झाडाखाली बसतात आणि साहेब घरी गेले हे अंधार पडताना कळतं. मग दुसऱ्या दिवशी परत येतात. जा म्हणून कुणी सांगितल्याशिवाय आमचं माणूस हलत नाही. थांबा म्हणणाऱ्याकडे आपल्यासाठी काहीतरी असणार, असं त्याला मनापासून वाटतं. याची मला चीड येते. राहीची तर सगळ्यात जास्त येते.

३

त्याचा दुसरा फोन गुरुवारी आला. या वेळी मी शिव्या दिल्या नाहीत. बोलतं ठेवून नंबर, गाव, काहीतरी काढून घ्यावं असा विचार होता.

"हा नंबर कुणी दिला तुला?"

"त्यांनीच दिला. सारखं सांगतात, माझ्या बहिणीचं जव्हारला दुकान आहे, स्टँडसमोर, मला उशीर होतोय म्हणून तिला कळवा."

"माझी बहीण मेलीय."

"मला माहितेय मॅडम. बातमी वाचली मी. फोन बदलले, सिम बदललं. मित्राचा फोन कानाला लावला तरी त्याच. आधी वारा ऐकू येतो, खूप वारा. मग शेळीच्या गळ्यातल्या घंटीसारखं काहीतरी. मग म्हणतात, हो सर, थांबते सर. रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं."

सगळी लबाडी आहे असं मी मनाशी म्हटलं. लोकांना गंडवणं हाच ज्याचा धंदा, त्याला वारा आणि घंटी सुचायला किती वेळ लागतो? पुढे पैसे मागेल, पूजा सांगेल, नाहीतर तक्रार मागे घ्या म्हणेल. असा विचार करून मी झेरॉक्सचे गठ्ठे लावले, चहा घेतला, दोन रिचार्ज केले. मग शटर अर्धं खाली ओढून राहीचा नंबर लावला. चार महिन्यांत लावला नव्हता. बंद लागणार हे ठाऊक होतं, कारण तिचा फोन सिमसकट पोलिसांकडे जमा आहे आणि त्यावरचं रिचार्ज कधीच संपलंय. रिचार्ज मीच मारायचे, त्यामुळे तारीखसुद्धा पाठ आहे.

"आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता, ती व्यक्ती सध्या दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे."

मी सहा वेळा लावला. सहा वेळा तीच बाई तेच बोलली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मोखाड्याच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथले हवालदार सुदर्शन ओळखीचे, त्यांच्या मुलाचे फॉर्म माझ्याकडेच भरतात. मुद्देमाल बघायचाय म्हटलं तर म्हणाले, "असा दाखवता येत नाय बाई." पण माझं तोंड बघून आत गेले आणि सीलबंद पाकीट आणून टेबलावर ठेवलं. प्लास्टिकमधून सगळं दिसत होतं. फोन वेगळा, बॅटरी वेगळी, सिम कागदाच्या पुडीत.

मी त्यांच्यासमोर स्पीकर सुरू करून नंबर लावला. ती व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.

सुदर्शननी पाकीट उचललं, कानाजवळ नेलं, खाली ठेवलं. "कंपनीचा काहीतरी घोळ असंल," ते म्हणाले. "नंबर दुसऱ्या कुणाला दिला असंल." हे पटण्यासारखं होतं. असं होतं कधी कधी, मला माहीत आहे. त्यांनी पाकीट परत नेताना ते चिमटीत धरलं होतं, हातभर लांब, आणि कपाट बंद केल्यावर हात पँटला पुसला.

४

एप्रिलभर तो फोन करत राहिला. खरं सांगायचं तर मी वाट बघायला लागले होते. अकरा वाजले की फोन हाताशी घेऊन बसायचे. त्याचं काय काय बिघडलंय ते मी खोदून खोदून विचारायचे. आधी फोन उचलल्यावरच ऐकू यायचं, मग उचलला नाही तरी. मग उशीवर कान टेकला की. बरोबरच्या पोरांनी त्याला हाकलून दिलं, कारण कुणाचंच बोलणं त्याला धड कळेना, समोरच्याच्या आवाजावर वारा यायचा. आई त्याला काही विचारायची तर तो 'लाईनवर राहा' म्हणून बसायचा. झोप नव्हती. एका कानातून रक्त येत होतं. हे ऐकताना मला जेवल्यासारखं वाटायचं. मी चांगली बाई आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

एकदा मी विचारलं, "पैसे पहिल्याच दिवशी गेले होते ना?"

"हो."

"मग अकरा दिवस तिला कशाला उभं केलंस?"

तो परत कानाचंच सांगायला लागला. मी म्हटलं, "ठेवते."

"नको नको. सांगतो. आधी दोन दिवस तक्रार करू नये म्हणून. तेवढं सगळ्यांनाच करतो आम्ही. दोन दिवसांनी लोक स्वतःच शिव्या देऊन कापतात. या कापतच नव्हत्या." त्याचा श्वास वाजत होता. "मग पोरं म्हणाली, बघूया किती दिवस राहतात. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचो. आमचं काम चालू. मध्येच कुणीतरी ओरडायचं, लाईनवर आहात ना ताई? त्या म्हणायच्या, हो सर. सगळे हसायचे. पैज लागली होती मॅडम. मी दहा दिवस म्हटलं होतं."

समोर एक म्हातारा आपल्या फोटोच्या प्रती कापून व्हायची वाट बघत होता. माझ्या हातातली कात्री फोटोच्या मधूनच गेली. मी त्याला दुसरे फोटो काढून दिले, पैसे घेतले नाहीत.

त्या दिवशी संदीपने मला स्वतःचं खरं नाव सांगितलं. गाव, गल्ली, घराचा रंगसुद्धा. "पोलीस पाठवा. मी सगळं कबूल करतो. फक्त त्यांना जायला सांगा." मी म्हटलं, तूच सांग ना, तूच थांबवलंयस. तो म्हणाला, "रोज सांगतो. जा ताई, पैसे मिळणार नाहीत, मी चोर आहे. त्या म्हणतात, हो सर. आणि थांबतात. काल विचारलं, कशा जाल तुम्ही? तर म्हणाल्या, घरचं कुणी बोलवाया आलं तर जाईन."

पत्ता मी एका रद्द फॉर्मच्या पाठीवर लिहून घेतला होता. सुदर्शनना द्यायला फक्त रस्ता ओलांडून बस पकडायची होती. मी दिला नाही. तुरुंगात माणसाला बसायला मिळतं.

५

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी पाड्यावर गेले. मोखाड्याहून पुढे जीपमध्ये अकरा जणी कोंबून बसलो होतो. पाड्याची विहीर आटली होती. बाया टँकरची वाट बघत हंडे ओळीत लावून बसल्या होत्या.

आयेचं नाव बाळी. कमरेतून वाकली होती, दारापलीकडे जाणं बंद झालं होतं. बोलायची पाड्याचीच बोली, 'मला'ला माना, 'तुला'ला तुना. मी आत गेले तर चुलीपुढे तिने भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. दोघींना पुरून दोन उरतील एवढ्या. एका थाळीत त्या दोन वेगळ्या झाकलेल्या.

"कुणासाठी?"

"राहीसाठी."

मी तिच्याजवळ चुलीपाशी बसले. ती पुढे म्हणाली, "तिचे दिवस घातले, सगळा केला. पण ती घरात आली नाय. बाबा गेला तवा आला होता, माना कळला होता. ही नाय आली. कुठंतरी उभी आहे माझी पोर." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुना कठं दिसली तर घेऊन ये गो. माझ्यानं चालवत नाय."

ती हे रडून बोलली नाही. शेळी चुकली तर शोधून आण, तशा आवाजात बोलली.

बाहेर तुळशी भेटली, बचत गटातली. गिरणी गेली म्हणून तिने राहीला कधी एका शब्दानं बोल लावला नाही, तिनेच काय, नऊ जणींतल्या एकीनेही नाही. मी म्हटलं, खडकाकडे जाऊन येते, दुकानातून फोन यायचाय. ती हंडा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"तठं आता कोणी जात नाय. आमी पलीकडच्या डोंगरावर जातो."

"का? रेंज गेली?"

"रेंज आहे. पण कोणालापण लावला तरी एकच सांगते ती बाई. लाईन बिझी." तिने हंडा परत उचलला. "मी एकदा गेले होते. मी एकटीच होते, पण जागा माना द्यावी लागली."

"म्हणजे?"

"खडकावर उभी राहाया गेले तर माझा पाय बाजूला झाला. जशी रांगेत कोणी पुढं असली तर आपण मागं सरतो ना, तसा."

६

दुपारचे साडेबारा. अंगाखाली सावली नाही. करवंदीच्या जाळ्या करपून गेलेल्या, वाटेवर पाचोळा इतका वाळलेला की आपलंच पाऊल दुसऱ्या कुणाचं वाटावं. पाण्याची बाटली आयेने दिली होती, अर्धी. मी मनाशी एकच शब्द घोकत चालले होते. चल. बस, एवढंच म्हणायचं. चल राही, घरी चल.

आणि दुसरीकडे माझं शिकलेलं डोकं म्हणत होतं, काहीही नसणार तिथे. खडक असेल, खाली दरी असेल. उन्हात फिरून डोकं दुखेल आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाशील.

शेवटचा चढ चढून वर आले आणि वारा लागला. खडक वीसेक पावलांवर होता. मी सरळ त्याच्याकडे बघितलं तेव्हा तिथे ऊन होतं, नुसतं ऊन. घाम डोळ्यांत गेला म्हणून मान खाली घालून पुसला, आणि तसंच खालून बघितलं तर खडकावर दोन पाय होते. टाचांना भेगा. हिरव्या साडीचा काठ. वाऱ्याने गवत आडवं होत होतं आणि काठ हलत नव्हता.

मी मान वर केली नाही. तेवढं धैर्य नव्हतं. एक कोपर दिसलं, कानाशी दुमडलेल्या हाताचं.

"राही," मी म्हटलं.

"जयू, आलीस?" आवाज तिचाच होता, थोडा कोरडा. "लय उशीर झाला ना गो. सरांनी थांबाया सांगलाय. झाला आता, होईलच."

मी खाली बसले. "पाणी आणलंय," असं काहीतरी म्हटलं आणि बाटली पुढे सरकवली.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, जी मी पोलिसांनाही सांगितली नाही आणि आयेलाही नाही. त्या अकरा दिवसांत एक रविवार आला होता. रविवारी त्या साहेबाला सुट्टी होती. राही त्या दिवशी जव्हारला आली होती, माझ्या दुकानात. बाहेर फॉर्मवाल्यांची रांग लागलेली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नीट नाही. बाकाकडे बोट करून म्हटलं, थांब जरा. ती चार तास बसली. मी वर बघितलं तेव्हा बाक रिकामा होता, शेवटची एस.टी. गेली होती. काय सांगायला आली होती ते मी फोन करून विचारलंही नाही. गडबडीचे दिवस होते.

चल म्हणायला तोंड उघडलं आणि माझा फोन वाजला. त्या खडकापाशी कुणाचाच लागत नाही म्हणाली होती तुळशी. त्याचा लागला.

"मॅडम, तुम्ही तिथेच आहात." तो रडत होता. "मला तुमचा आवाज आला. त्यांच्या बाजूने आला. सांगा ना त्यांना. देवाशप्पथ सांगतो, मी सगळं परत देईन, तुमच्या पाया पडायला येईन. सांगा ना." मागे कुणीतरी बाई त्याला हाक मारत होती, त्याची आई असावी. मग तो घाईघाईने म्हणाला, "हॅलो? मॅडम, कापू नका. प्लीज. लाईनवर राहा."

लाईनवर राहा. इतक्या सहज म्हणाला. आयुष्यभर तेच म्हणत आलेला, दुसरं काही येतच नव्हतं त्याला. मला ते टेबल दिसलं, स्पीकरवर टाकलेला फोन, चहाचे कप, आणि हसणारी पोरं. अंगातून अशी आग गेली की उन्हाचं काही वाटेना.

"राही," मी म्हटलं, "अजून थोडा वेळ थांब."

खडकावरून लगेच उत्तर आलं. "बरं."

फोनमधून तो किंचाळला. मी फोन जमिनीवर ठेवला, स्पीकर सुरू केला आणि बराच वेळ ऐकत बसले.

७

घरी आले तेव्हा आये दारात होती. "दिसली का गो?" मी नाही म्हटलं.

त्यानंतर दर रविवारी जात राहिले. दुकान शनिवारीच आवरून ठेवायचे. पाण्याची बाटली खडकाशी ठेवायची, मान खाली घालून पाय बघायचे, अजून थोडं थांब म्हणायचं आणि यायचं. पाठ फिरली की तिचं 'बरं' ऐकू यायचं. हळूहळू त्या 'बरं'चं 'हो' झालं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण मी त्यावर विचार केला नाही. माझं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं. त्याचे फोन तुटक होत चालले होते. शब्द जात होते, नुसता श्वास उरला होता. तो संपला की राहीला घरी न्यायचं, असं मी ठरवलं होतं. आये दर वेळी तेच विचारायची आणि मी तेच सांगायचे. झाकलेल्या भाकऱ्या सकाळी शेळ्यांना जायच्या.

मे संपता संपता, एका बुधवारी, तुळशीने पलीकडच्या डोंगरावर जाऊन मला फोन केला. आये गेली. संध्याकाळी भाकऱ्या झाकल्या आणि चुलीपाशीच आडवी झाली. शेवटचं काय बोलली म्हणून मी विचारलं. तुळशी म्हणाली, "राही आली का बघ, इतकाच."

सगळं उरकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाटली न घेता वर गेले. वाटेत त्या माणसाचा विचार एकदाही मनात आला नाही. सूड, पैज, टेबल, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. ते घर रिकामं होतं आणि मला माझी बहीण हवी होती. फोन खिशात होता, आठवडाभर त्याचा एकही कॉल आला नव्हता.

पाय होते. टाचा तशाच.

"राही, चल," मी म्हटलं. "घरी चल. संपलं सगळं. पैसे नाहीत, सर नाहीत, कुणी नाही. चल."

कोपर हललं. ती माझ्याकडे वळते आहे असं वाटलं म्हणून मी पहिल्यांदा मान वर केली. उन्हात तोंड दिसलं नाही, पण ती वाकली होती. शाळेत, दवाखान्यात, माझ्या दुकानाच्या काऊंटरपुढे आमच्या बाया वाकतात, तितकीच.

"हो मॅडम," ती म्हणाली. "घरचं कोणी बोलवाया आलं की जाते. माझी आये येईल. तवर थांबते, मॅडम."